लिनक्सवर गेम खेळायचाय? आधी यादी, मग ड्रायव्हर, मग पाकीट

लिनक्सवर गेम चालवायचं तंत्र आणि गेम विकत घेण्याचं गणित या गोष्टी लोक वेगवेगळ्या शिकतात, आणि तिथेच फसतात. गेम कुठल्या दुकानातून घेतला यावर तो किती सहज चालेल हे बऱ्याच अंशी ठरतं. नाही चालला तर पैसे परत मिळतील का, हेही त्यावरच अवलंबून असतं. आणि पुढच्या वर्षी तोच गेम आणखी बरा चालावा म्हणून राबणाऱ्या प्रोग्रॅमरांचा पगार कोण देणार, तेसुद्धा. म्हणून हा लेख डिस्कपासून सुरू होऊन बिलापर्यंत जातो.

संगणक पुसण्याआधी यादी करा

विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या संगणकांचे बरेच मालक लिनक्सकडे वळले. त्यातले काही आठवड्याभरात परतले, आणि बहुतेकदा कारण एकच होतं: रोज खेळायचा तो एक गेम चालत नव्हता. हे पाच मिनिटांत आधीच कळलं असतं.

तुम्ही खरोखर खेळता ते गेम कागदावर लिहा. सेलमध्ये घेऊन लायब्ररीत धूळ खात पडलेले लिहू नका. मग प्रत्येक नाव प्रोटॉनडीबी या साइटवर शोधा (प्रोटॉन म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन, त्याबद्दल पुढे). तिथे खेळाडूंच्या अहवालांवरून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि बोर्क्ड असे दर्जे दिलेले असतात. प्लॅटिनम म्हणजे काही न करता चालतो, गोल्ड म्हणजे थोडी खटपट करून नीट चालतो. दर्जाच्या रंगावर विसंबू नका. खाली जाऊन गेल्या काही महिन्यांतले अहवाल वाचा, शक्यतो तुमच्यासारखंच ग्राफिक्स कार्ड असणाऱ्यांचे. दोन वर्षांपूर्वीच्या तक्रारीला आज फारसा अर्थ नसतो, आणि दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकालाही नसतो.

एकट्याने खेळायच्या गेमांची बाजू आता भक्कम आहे. घोडं अडतं ते ऑनलाइन स्पर्धेच्या गेमांपाशी, आणि तेही अँटी-चीटमुळे, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना पकडणाऱ्या प्रणालींमुळे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही प्रणालींनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडलं. पण ते दार आपल्या गेममध्ये उघडायचं की नाही, हे त्या त्या गेमची कंपनी ठरवते. गंमत बघा: ईझी अँटी-चीट एपिक या गेम-कंपनीच्या मालकीची आहे, तिला लिनक्स चालतं, आणि एपिकचाच फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाही. व्हॅलोरंट या गेमची पहारेकरी प्रणाली थेट विंडोजच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) बसते, त्यामुळे तिथे वाटच नाही. एपेक्स लेजंड्स आधी चालत होता, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी कंपनीने लिनक्सवाल्यांना बंद केलं. म्हणजे आज चालणारा ऑनलाइन गेम उद्या चालेलच याची हमी नाही. तुमच्या यादीत असा एखादा गेम असेल आणि तो सोडवत नसेल, तर विंडोज दुसऱ्या डिस्कवर राहू द्या. त्यात कमीपणा काही नाही. आभासी मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात) विंडोज टाकून फसवायला जाऊ नका. अनेक अँटी-चीट ते ओळखतात आणि खातं बंद होऊ शकतं.

डिस्ट्रो आणि ड्रायव्हर

डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्यांवर, वाद घालायला आयुष्य पुरत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. नवखे असाल तर मिंट किंवा फेडोरा. फक्त गेमसाठीच संगणक असेल आणि हात घालायची हौस नसेल तर बझाइट. कार्ड अगदी नवं असेल तर कर्नल आणि मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) ताजे ठेवणारी डिस्ट्रो घ्या, कारण जुन्या कर्नलला नवं कार्ड ओळखता येत नाही.

ड्रायव्हरचं मात्र नीट समजून घ्या. एएमडी आणि इंटेलच्या कार्डांचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसामध्येच असतो; वेगळं काही उतरवायचं नसतं. कंपनीच्या साइटवरून फाइल डाउनलोड करायची विंडोजची सवय इथे मोडावी लागते. एनव्हिडियासाठी कंपनीचा ड्रायव्हर लागतो, पण तोही डिस्ट्रोच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून किंवा अधिकृत साठ्यातून, म्हणजे रिपॉझिटरीतूनच घ्या. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर संगणक सुरू होताना अडवणारी सोय) सुरू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तो विचारतात. घाईत तो पडदा ओलांडला की ड्रायव्हर बसलेला दिसतो पण लोड होत नाही, आणि माणूस दोन दिवस गेमला शिव्या देतो.

कार्ड फार जुनं असेल तर आणखी एक अडचण येते. विंडोजच्या चित्र काढायच्या पद्धतीचं, म्हणजे डायरेक्टएक्सचं, भाषांतर करणाऱ्या डीएक्सव्हीकेला २.० या आवृत्तीपासून व्हल्कन १.३ (लिनक्सवर चालणारी तशीच पद्धत) लागतं. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या कार्डांना ते जमत नाही. अशा वेळी प्रोटॉनची सातवी आवृत्ती निवडून बघा.

एनटीएफएसच्या मोहात पडू नका

विंडोजच्या (एनटीएफएस पद्धतीच्या) डिस्कवर गेम आधीच उतरलेले आहेत, तर तेच लिनक्समधून वापरू, पुन्हा डाउनलोड कशाला, हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. माझ्याही आला होता. दोन संध्याकाळी घालवल्या. गेम दिसायचा, "प्ले" दाबलं की बटण क्षणभर बदलायचं आणि पुन्हा होतं तसं व्हायचं. ना चूक, ना संदेश.

कारण असं की प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज तयार करतो, त्याला प्रीफिक्स म्हणतात. त्यात सी ड्राइव्ह वगैरे दाखवण्यासाठी नावात कोलन (:) असलेल्या लिंक बनवाव्या लागतात, आणि विंडोजच्या नियमांत असं नाव बसत नाही. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर ते डिस्क पुरती सोडत नाही आणि लिनक्सला ती फक्त वाचता येते. जुगाड आहेत, पण करू नका. गेमसाठीची डिस्क ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करा. त्याआधी महत्त्वाचं सगळं दुसरीकडे हलवा, हे सांगायला नकोच.

स्टीम आणि प्रोटॉन

स्टीम (व्हाल्व्ह कंपनीचं गेमचं दुकान आणि ॲप) शक्यतो डिस्ट्रोच्या स्वतःच्या पॅकेजमधून घ्या. फ्लॅटपॅकही (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज) बऱ्यापैकी चालतं, फक्त दुसऱ्या डिस्कवरच्या लायब्ररीसाठी त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. स्नॅप या तशाच दुसऱ्या पॅकेजमधल्या स्टीमपासून दूर राहिलेलं बरं.

पूर्वी सेटिंग्जमध्ये कम्पॅटिबिलिटी या भागात जाऊन "इतर सर्व गेमसाठी" अशी खूण करावी लागायची. २०२५ च्या मध्यापासून नव्या स्टीममध्ये ती गरज राहिलेली नाही. तरी एखाद्या गेमचं इन्स्टॉल बटण राखाडी दिसलं तर पहिल्यांदा तिथेच बघा.

आता आत काय घडतं ते. विंडोजसाठी लिहिलेला गेम विंडोजला काही मागतो: फाइल उघड, खिडकी काढ, आवाज दे. १९९३ पासून चालत आलेला वाइन हा प्रकल्प त्या मागण्या लिनक्सला कळतील अशा करतो. चित्र काढायच्या मागण्या डायरेक्टएक्समध्ये येतात. त्या डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉन हे व्हल्कनमध्ये बदलतात. हे सगळं एकत्र बांधून, तपासून व्हाल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन म्हणून आणलं. पहिल्या दिवशी अधिकृत यादीत फक्त २७ गेम होते. इथे पूर्ण संगणकाची नक्कल होत नसते, फक्त मागण्यांचं भाषांतर होतं. म्हणून वेग फारसा कमी होत नाही, आणि काही गेममध्ये तर वाढतोही.

कधी कधी गेमची खास लिनक्ससाठी केलेली आवृत्तीही असते. ती नेहमी चांगलीच असते असं नाही. दहा वर्षांपूर्वी केलेलं आणि मग वाऱ्यावर सोडलेलं पोर्ट आज प्रोटॉनपेक्षा वाईट चालू शकतं. गेमवर राइट-क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी, आणि तिथे प्रोटॉनची आवृत्ती निवडली की विंडोजची आवृत्ती उतरते. बदलण्याआधी सेव्ह फाइल्स जपा, कारण दोन्ही आवृत्त्या त्या वेगळ्या जागी ठेवतात.

गेम सुरूच होत नाही तेव्हा

इथे क्रम महत्त्वाचा. लोक एकाच वेळी पाच गोष्टी बदलतात आणि मग कशामुळे चाललं हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिल्यांदा प्रोटॉनची आवृत्ती बदला. ठरलेली स्थिर आवृत्ती चालत नसेल तर एक्सपेरिमेंटल. तीही नाही तर एक पायरी जुनी. निम्म्याहून जास्त वेळा काम इथेच होतं.

कटसीनच्या (गेममधल्या गोष्टीच्या व्हिडिओच्या) जागी टीव्हीवरच्या चाचणीसारखे रंगीत पट्टे दिसत असतील तर तो व्हिडिओ फॉरमॅटचा प्रश्न आहे. काही फॉरमॅट पेटंटमध्ये अडकलेले असल्यामुळे व्हाल्व्ह ते प्रोटॉनसोबत देऊ शकत नाही. यावर उतारा म्हणजे जीई-प्रोटॉन ही वापरकर्त्यांच्या समाजातून तयार होणारी आवृत्ती. ती प्रोटॉनअप-क्यूटी या छोट्या प्रोग्रॅममधून टाकता येते. टाकल्यावर स्टीम बंद करून पुन्हा उघडायला विसरू नका.

तरीही नाही? मग प्रीफिक्स बिघडला असेल. स्टीमॲप्स फोल्डरमध्ये कम्पॅटडेटा नावाचं फोल्डर असतं, त्यात गेमच्या क्रमांकाचं एक. ते काढून टाकलं की पुढच्या वेळी नवं तयार होतं. पण तुमचे सेव्हही तिथेच असू शकतात! गेमला क्लाउड सेव्ह (इंटरनेटवर राहणारी प्रत) नसेल तर आधी ते फोल्डर दुसरीकडे कॉपी करा.

सुरुवातीची काही मिनिटं गेम अडखळत असेल तर लगेच सेटिंग्ज कमी करायला धावू नका. शेडर्स (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात, अडखळणं आपोआप थांबतं. स्टीम आधीच "व्हल्कन शेडर्स प्रोसेस करतोय" असं दाखवत असेल तर पहिल्यांदा तरी ते पूर्ण होऊ द्या.

लाँच ऑप्शन्समध्ये (गेम सुरू करताना द्यायच्या जादा सूचनांच्या चौकटीत) इंटरनेटवर सापडेल ते चिकटवू नका. त्यातले निम्मे मंत्र जुन्या आवृत्त्यांसाठी असतात आणि आज अपायच करतात.

स्टीमच्या बाहेरची दुकानं

एपिकच्या दुकानाचं अधिकृत ॲप लिनक्ससाठी नाही. गॉग या दुकानाचं गॅलक्सी हे ॲपही नाही. पण हिरोइक नावाचं मुक्त ॲप दोन्ही खात्यांत लॉगिन करून गेम उतरवतं आणि प्रोटॉनवर चालवतं. ॲमेझॉनचे गेमही त्यातून मिळतात. एपिकचे मोफत गेम ब्राउझरमधून खात्यात जमा करायचे आणि हिरोइकमधून खेळायचे, हा सरळ मार्ग. जुन्या डिस्कवरचे, किंवा वेगळ्या लाँचरचे गेम असतील तर लुट्रिस किंवा बॉटल्स वापरा. इच.आयओ या छोट्या गेमांच्या दुकानाचं स्वतःचं ॲप मात्र लिनक्सवर थेट चालतं आणि तिथे लिनक्सचे गेम गाळून बघता येतात.

हे सगळं चालतं, पण स्टीमइतकं अलगद नाही. क्लाउड सेव्ह, कंट्रोलर, अचानक आलेला अपडेट यात कुठेतरी हाताने काम करावं लागतंच.

बिल कुणाच्या खिशात जातं

समजा गेमची किंमत २० डॉलर आहे. कर सोडून द्या.

स्टीम ३० टक्के ठेवतं, म्हणजे गेम करणाऱ्याला १४ डॉलर. एपिक १२ टक्के घेतं, म्हणजे १७.६० डॉलर. इच.आयओवर दुकानाचा वाटा विकणाराच ठरवतो; न ठरवल्यास १० टक्के, म्हणजे १८ डॉलर. गॉगचा वाटा साधारण स्टीमइतकाच. प्रकाशक असेल तर उरलेल्या रकमेतून तो आपला हिस्सा घेणार, ते वेगळं.

२०१८ च्या शेवटी स्टीमने कमाईप्रमाणे सवलत आणली: एका गेमची कमाई एक कोटी डॉलरवर गेली की पुढच्या कमाईवर २५ टक्के, पाच कोटींवर गेली की २० टक्के. म्हणजे ज्याचं आधीच भरलेलं आहे त्याला सूट, आणि दोघातिघांनी घर चालवत केलेल्या गेमला पूर्ण ३० टक्के. उलटी गंगा आहे, पण त्यामागचा हिशेब लपलेला नाही: मोठा प्रकाशक स्वतःचं दुकान काढून निघून जाऊ शकतो, छोटा कुठे जाणार? त्याच डिसेंबरात एपिकचं दुकान उघडलं, ही वेळ काही योगायोगाने जुळलेली नव्हती. एपिकने नंतर, जून २०२५ पासून, प्रत्येक गेमच्या वर्षातल्या पहिल्या दहा लाख डॉलरवर काहीच न घेण्याचं धोरण आणलं.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, मग स्टीमवर घ्यायचाच कशाला? लिनक्सवाल्यासाठी उत्तर थोडं वाकडं आहे.

लिनक्ससाठी गेम पोर्ट करण्याचा धंदा पूर्वी करून झालाय. लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी १९९८ मध्ये त्यासाठीच निघाली, गाजलेले गेम तिने लिनक्सवर आणले, आणि २००२ च्या जानेवारीत बंद पडली. पोर्ट करायला, तपासायला आणि पुढे सांभाळायला खर्च येतो. विकत घेणारे मूठभर असले तर तो निघत नाही. एपिकने रॉकेट लीगची कंपनी घेतल्यावर २०२० च्या मार्चमध्ये त्या गेमची लिनक्स आवृत्ती बंद झाली, तेव्हाही दिलेलं कारण खेळाडूंची तुटपुंजी संख्या हेच होतं.

प्रोटॉनने हा खर्चच जागेवरून हलवला. जो भार प्रत्येक स्टुडिओला वेगळा उचलावा लागला असता, तो एका दुकानाने एकदाच उचलला. त्या ३० टक्क्यांतून व्हाल्व्ह वाइनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्स कंपनीबरोबर प्रोटॉनचं काम करते, डीएक्सव्हीके आणि मेसाच्या प्रोग्रॅमरांना पैसे देते, आणि हे सगळं मुक्त परवान्याखाली बाहेर ठेवते. म्हणूनच हिरोइकमध्ये एपिकचा गेम चालतो. १२ टक्क्यांच्या दुकानातला गेम तुमच्या लिनक्सवर चालतोय तो ३० टक्क्यांच्या दुकानाने पोसलेल्या कामावर.

व्हाल्व्ह हे पुण्यकर्म म्हणून करत नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचं ॲप-दुकान आणलं, तेव्हा व्हाल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी विंडोज ८ ला जाहीरपणे आपत्ती म्हटलं होतं. ज्या जमिनीवर आपलं दुकान उभं आहे ती दुसऱ्याची आहे, ही ती भीती. २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम, २०१५ ची फसलेली स्टीम मशीन्स (लिनक्सवरचे गेम-संगणक), २०२२ चा चाललेला स्टीम डेक (हातात धरायचा तसाच संगणक), हे सगळं त्या भीतीतूनच आलं. डेकमुळे गेम करणाऱ्यांना लिनक्सवर तपासणी करायचं कारण मिळालं, आणि त्याचा फायदा घरच्या संगणकावर बसलेल्या आपल्यालाही झाला.

एकाच कंपनीवर एवढं विसंबणं धोक्याचं आहे, हे मान्य. पण उद्या व्हाल्व्हने हात काढला तरी लिहिलेला कोड राहतो, आणि हा फरक छोटा नाही.

मग कुठून घ्यायचा

मी वापरतो तो क्रम सांगतो. तुमचा वेगळा असू शकतो.

चालेल की नाही याची खात्री नसेल तर स्टीम. कारण परताव्याचा नियम: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. लिनक्सवर हीच आपली चाचणी. फक्त गेमचा लाँचर उघडा ठेवून उपाय शोधत बसलात तरी घड्याळ चालूच असतं, हे लक्षात ठेवा. गॉगचा नियम तर आणखी सैल, ३० दिवस, खेळलेला असला तरी. 

एकट्याने खेळायचा, पुन्हा पुन्हा खेळावासा वाटणारा गेम असेल तर गॉग. तिथे डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नसतं, इन्स्टॉलर डाउनलोड करून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येतो आणि दुकान बंद पडलं तरी तो तुमच्याकडेच राहतो. स्टीमवर तुम्ही गेम विकत घेत नाही, वापरण्याचा परवाना घेता. कॅलिफोर्नियाचा नवा कायदा लागू होण्याच्या तोंडावर, २०२४ पासून, पैसे भरताना ते तसं लिहूनही दाखवतात. परवाना म्हणजे काय हे द क्रू हा गेम घेतलेल्यांना ३१ मार्च २०२४ ला कळलं. सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम एकट्यानेही खेळता येईना.

छोट्या गटाने केलेला गेम असेल तर आधी त्यांची स्वतःची साइट किंवा इच.आयओ बघा. अनेकजण तिथून घेतल्यावर स्टीमची की (खात्यात गेम जमा करणारा कोड) देतात. स्टीम अशा की तयार करायचे पैसे घेत नाही आणि त्या विक्रीत वाटाही घेत नाही; म्हणजे सोय स्टीमची आणि पैसे जवळजवळ पूर्ण गेम करणाऱ्याला. यात एक मेख आहे. बाहेरून घेतलेली की स्टीमवर परत करता येत नाही. म्हणून हा मार्ग प्लॅटिनम दर्जाच्या किंवा आधीच डेमो खेळून पाहिलेल्या गेमसाठीच.

अनोळखी लोक एकमेकांना की विकतात त्या बाजारांत जाऊच नका. तिथे चोरीच्या कार्डावर घेतलेल्या की फिरतात. बँक पैसे मागे घेते तेव्हा भुर्दंड विकणाऱ्या छोट्या स्टुडिओला बसतो आणि की रद्द झाली तर नुकसान तुमचं.

पहिले दोन तास

गेम घेतल्यावर लगेच गोष्टीत रमू नका. आधी या क्रमाने तपासा: पडद्याचा पूर्ण आकार मिळतो का, कंट्रोलरची बटणं नीट दिसतात का, निदान एक कटसीन पूर्ण चालतो का, सेव्ह करून बाहेर पडल्यावर परत तिथेच येता येतं का, आणि ऑनलाइन भाग असेल तर सामना जुळतो का. अर्ध्या तासात हे होतं. कुठे अडलंच तर वरच्या क्रमाने तास-दीड तासापर्यंत प्रयत्न करा, आणि नाही जमलं तर परत करून टाका. कारण विचारतील तिथे लिनक्सवर चालत नाही असंच स्पष्ट लिहा.

चालला तर प्रोटॉनडीबीवर अहवाल द्या. "मस्त चालतो" एवढ्याने पुढच्याला काही कळत नाही. कार्ड, ड्रायव्हर, प्रोटॉनची आवृत्ती आणि कुठे अडलं होतं ते लिहा. दोन ओळी पुरतात.